लाल चिंधीच्या गोण्या

धुरपदाबाई : सांगेल व्हतं ना मी तुले? जुनी साल घरमा ठेवू नको, दूर नेऊन पुरी टाक. सांगेल व्हतं का नही?

अमृता : हळू, आई. ओवी आत्ता कुठे झोपलीये. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा डोळा लागलाय तिचा.

धुरपदाबाई : हळूच बोलस. पापडना डबा काढाले माळ्यावर देखं, तं गोण्या नहीत. लाल चिंधी बांधेल गोण्या. कोठे गयात?

अमृता : तुम्हालाच नको होत्या ना घरात? आता नाहीत.

धुरपदाबाई : पुरी टाक्यात का?

अमृता : नाही. देऊन टाकल्या.

धुरपदाबाई : कोनले?

अमृता : ज्याच्या होत्या त्याला.

धुरपदाबाई : वं माय, साल तं तू वेफरवाल्याकडून आनस. दर एकादशीले पोतंभर. घरभर केळाचा वास.

अमृता : केळ्यांची साल वेफरवाल्याची. तूस भाताच्या गिरणीतला, चिपाड कामरेजच्या रसवंतीतलं. ते सगळं मी आणलं, मी सुकवलं, मी दळलं. पण त्यात जे भरलंय ते काशिनाथचं आहे. त्याचं त्याला परत केलं.

धुरपदाबाई : नीट सांग, पोरी. माले कोडं घालू नको.

अमृता : दवाखान्यात जायच्या आधी मी गच्चीवर एक निळा ड्रम भरत होते, आठवतंय? तुम्ही कपडे वाळत घालत होता. म्हणालात, रुखवत मांडावं तशी भरतेय ही.

धुरपदाबाई : तो काशिनाथना ड्रम. त्याना घरना पिवाना पानीकरता. जारवाला दांड्या मारस म्हने, माले बी एक ड्रम दे.

अमृता : दिला की. खाली खडी, त्यावर वाळू, त्यावर कापड. आणि मग लाल चिंधीच्या सगळ्या गोण्या. मी गल्लीत घराघरांत पाणी गाळायचे ड्रम लावून दिलेत ना, त्यांतून बदलून आणलेली साल, एक मूठ मागे ठेवली नाही. अगदी वर, झाकण उघडल्यावर दिसावा म्हणून, ताज्या सालीचा बोटभर थर.

धुरपदाबाई : पन साल तं पानी साफ करस ना? तूच सांगस बायांसले.

अमृता : नवी साल करते. पाण्यातलं शिसं ती स्वतःला चिकटवून घेते. पण खात नाही ना, आई. शिसं कुठे जात नाही, सालीतच बसून राहतं. साल भरली की तिचं काम संपलं. म्हणून एकादशीला बदलायची, म्हणून चिंधी बांधायची. भरलेल्या सालीतून पाणी सोडत राहिलं की धरलेलं शिसं हळूहळू परत पाण्यात उतरायला लागतं. आणि पाणी आंबट असेल तर मग हळूहळू नाही, भसाभस. कॉलेजात आम्ही मुद्दाम ॲसिड ओतून साल रिकामी करायचो, पुन्हा वापरायला.

धुरपदाबाई : म्हंजे तू त्याले इख दिधं.

अमृता : मी कशाला देऊ? त्याचंच आहे. रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडतो तो. गोदामामागच्या खड्ड्यात ॲसिड ओततो तो. तिथून ते आपल्या बोअरमध्ये येतं, बोअरमधून ओवीच्या पेल्यात. मी फक्त साठवून ठेवलं होतं. घरात कोणाची वस्तू चुकून राहिली तर आपण ठेवतो ना बाजूला, येईल तेव्हा देऊ म्हणून? तसं.

धुरपदाबाई : असं हासू नको. भ्याव वाटस माले.

अमृता : मी हसत नाहीये.

धुरपदाबाई : भांड त्याच्यासंगे. शिव्या दे. त्याना दारमा जाईसन बोंब मार, मी येस तुनासंगे. पन पानीमा वैर नही आनत वं कोनी. आमना गावमा एकमेकांचं तोंड न पाहनारे लोक शेतस, तरी इहिरीले हात नही लावत.

अमृता : सगळं करून झालं, आई. तक्रार केली. तपासणीवाले आले त्या दिवशी खड्ड्यावर लादी बसवलेली होती आणि लादीवर काय? तुळशीवृंदावन! हळदीकुंकू वाहिलेलं! ते लोक चपला काढून उभे राहिले. आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीसमोर काशिनाथ मला काय म्हणाला, ते तुम्ही ऐकलंत.

धुरपदाबाई : माले सगळं याद शे.

अमृता : सांगा ना मग. सांगा.

धुरपदाबाई : नको वं.

अमृता : 'पाण्यात काही नाही, बेन. काही काही पोरं जन्मापासूनच मंद असतात.' माझ्या ओवीला. दोन वर्षांची असताना ती 'पानी दे' म्हणायची. तुमच्यासारखं, 'पानी'. तुम्ही सगळ्यांना बोलावून बोलावून ऐकवायचात, बघा, मनी नात अहिराणी बोलस. आता ती भांड्याकडे बोट करते नुसतं. तोंड उघडते, ओठ हलतात, आणि शब्द येत नाही म्हणून रडते. परवा डॉक्टरांनी रक्तातल्या शिशाचा आकडा बघितला आणि म्हणाले, पुन्हा रक्त काढा, मशीनची चूक असेल. पुन्हा काढलं. मशीनची चूक नव्हती. शीर सापडत नव्हती, मी तिचे पाय दाबून धरले होते. ती माझ्याकडे बघत होती, आई. आणि मी काय करत होते? मी मनात म्हणत होते, आता काशिनाथने पेला भरला असेल. आता तोंडाला लावला असेल. पी. आणखी पी.

धुरपदाबाई : मना पोरले, प्रशांतले, माहीत शे हे?

अमृता : प्रशांत म्हणतो, पलसाण्याला त्याच्या बँकेजवळ घर बघू, इथून निघू. मला कुठे जायचं नाही. मला इथेच राहायचंय. काशिनाथला एक दिवस पाणी मागायचं असेल आणि शब्द आठवणार नाही, तो दिवस बघायचाय मला. ओट्यावर खुर्ची टाकून बघणार आहे.

धुरपदाबाई : तो ड्रम... निळा ना? पितळी तोटीवाला?

अमृता : हो. तोटी त्यानेच आणून दिली. हौस बघा.

धुरपदाबाई : झाकनवर झेंडूना हार?

अमृता : हार कशाला असेल? स्वयंपाकघरात कोणी ड्रमला हार घालतं का?

धुरपदाबाई : पोरी, काल आखाजी व्हती.

अमृता : माहितेय. दवाखान्यात होते तरी अक्षय्य तृतीया विसरले नाही मी. तुम्ही घागर भरली असेल मामंजींच्या नावाने.

धुरपदाबाई : मी घागर भरी. काशिनाथने त्याना मायना नावनी पानपोई मांडी. कोपऱ्यावर, आंगनवाडीना शेजारी. मांडव टाका, मायना फोटो लावा. आणि मधमा तो ड्रम. हार घालेल.

अमृता : दुसरा असेल.

धुरपदाबाई : पितळी तोटी.

अमृता : निळा ड्रम काय एकच असतो सुरतेत? दुसरा असेल, आई. तो घरी लावणार होता. घरी! मला म्हणाला होता, स्वयंपाकघरात जागा करून ठेवलीये.

धुरपदाबाई : आंगनवाडीनी पोरं रांग लाईसन उभी व्हतीत. काशिनाथ सांगत व्हता समद्यासले, हाई आपली अमृताबेनना ड्रम शे, एमेस्सी शिकेल शे ती, एकदम शुद्ध पानी. मनी छाती फुगनी वं. म्हनून मी बी पिधं.

अमृता : तुम्ही प्यायलात?

धुरपदाबाई : उन्हातून येत व्हते मंदिरातून. गिलासभर पिधं. गोड लागनं. लिंबूनं व्हतं.

अमृता : लिंबाचं? लिंबाचं म्हणजे? लिंबू कुठे टाकतात, आई? ग्लासात की—

काशिनाथ : लिंबांचं नाव काढलंत आणि लिंबं हजर! काय मावशी, बरं शे ना? आत येऊ का? बाहेर नुसती भट्टी आहे. अरे, बेन आल्या! बेबी कशी आहे?

अमृता : झोपलीये.

काशिनाथ : झोपू द्या. पोरं झोपेतच सुधारतात. ही बघा, गोणभर लिंबं घेतली मार्केटमधून. काल दुपारपर्यंतच संपली होती. बेन, तुमच्या ड्रमनं नाव काढलं आमच्या मायचं. लोक थांबून थांबून विचारतात, कुठून आणला?

अमृता : तुम्ही तो घरी लावणार होतात.

काशिनाथ : लावणार होतो. पण जारवाला झाला परत सुरू. मग म्हटलं, घागर तर सगळेच भरतात, आपण पानपोई मांडू. इथले लोक परब म्हणतात. मायची फार इच्छा होती. जाता जाता पाणी पाणी करत गेली बिचारी.

अमृता : आणि तुम्ही? तुम्ही प्यायलात त्यातलं?

काशिनाथ : मी? छे, मला आपली जारच्या पाण्याची सवय. पोट लगेच बिघडतं माझं.

अमृता : लिंबू कुठे पिळता?

काशिनाथ : अहो, तीच तर गंमत! ग्लासात पिळत बसलं तर बिया तोंडात येतात, पोरं थुंकतात. मग मला सुचलं. झाकण उघडायचं, वरूनच टोपलीभर लिंबं पिळायची. बिया, चोथा सगळं तुमच्या सालीत वर अडकतं. खाली तोटीतून काचेसारखं पाणी. वेगळी गाळणीच नको. आहे ना डोकं?

अमृता : कालपासून?

काशिनाथ : काल सकाळपासून. आमची शीतल तर त्याच पाण्यावर आहे. आखाजीला माहेरी आलीये, सातवा महिना. काही पोटात ठरत नाही तिच्या, साधं पाणीसुद्धा उलटून येतं. हे लिंबाचं मात्र जातं. दुपारी तांब्या भरून उशाशी घेऊन झोपते. मावशी, तुम्ही बघितलंत ना तिला काल? चेहरा जरा उतरलाय.

धुरपदाबाई : देखं. मना पाया पडनी ती.

अमृता : शीतलला फोन लावा.

काशिनाथ : झोपली असेल आता.

अमृता : लावा फोन. ते पाणी पिऊ नको म्हणावं.

काशिनाथ : काय झालं काय, बेन?

अमृता : त्या ड्रममध्ये जुनी साल आहे. भरलेली. मी भरलीये, चुकून नाही, मुद्दाम. शिसं आहे त्या पाण्यात.

काशिनाथ : शिसं? कसलं शिसं? कुठून आलं?

अमृता : ते तुम्ही सांगा ना. आपल्या गल्लीच्या पाण्यात तर काहीच नाही. तुम्हीच म्हणालात. मग गल्लीच्या पाण्यात भिजलेल्या सालीत कुठून येईल? घाबरताय कशाला? चला, मी ग्लास भरून देते. प्या माझ्यासमोर.

काशिनाथ : मस्करी नका करू. पोटुशी पोरगी आहे माझी.

अमृता : माझी तीन वर्षांची आहे.

काशिनाथ : अहो, ती कालपासून पितेय ते!

अमृता : मला ही साल सुचेपर्यंत माझी दोन वर्षं प्यायली. मी हाताने पाजलं तिला. काही होत नाही हो, काशिनाथभाऊ. आणि झालंच तर मनाला लावून घ्यायचं नाही. काही काही पोरं जन्मापासूनच—

धुरपदाबाई : अमृता! तोंड बंद कर! त्या पोटातल्या जिवानं काय बिघडायं तुनं?

काशिनाथ : मावशी, ऐकलंत ना? विष दिलं हिनं! माझ्या मायच्या नावावर विष पाजलं गल्लीला!

अमृता : काय दिलं?

काशिनाथ : विष! विष!

अमृता : परत म्हणा. मोठ्याने म्हणा, खिडकीतून म्हणा. विष आहे ना ते? एवढा एक शब्द तुमच्या तोंडून ऐकायला किती दारं वाजवली मी. प्रत्येक दारात मला सांगितलं, बाई, वहम आहे तुमचा.

काशिनाथ : पोलिसात देतो मी तुम्हाला.

अमृता : द्या. मी येते चालत. सांगा त्यांना, हिने माझ्या खड्ड्यातलं मला परत दिलं. मग ते विचारतील, कुठला खड्डा? मग तुळशीवृंदावन तुम्ही उचलाल की मी उचलू?

धुरपदाबाई : आरे, बोलत काय बसनात! पोरले फोन लाव आधी!

काशिनाथ : लावतोय, लावतोय... वाजतोय नुसता. उचलत नाही. आतून कडी लावून झोपते ती.

अमृता : मग पळा ना! उभे काय राहिलात?

काशिनाथ : जातो. जातो मी. बेन, हे कोणाला... म्हणजे ते खड्ड्याचं आत्ता लगेच... आपण बसून बोलू. मी येतो.

धुरपदाबाई : चप्पल बी नही घातली त्याने. देख कसा पळस. पन... अमृता, हा तिकडे कोठे चालना? त्यानं घर तं डाव्या हाताले शे.

अमृता : गोदामाकडे चाललाय.

धुरपदाबाई : गोदामाकडे? पोर सोडून?

अमृता : वृंदावन तपासायला. माती लोटायला. मला माहीत होतं हा असाच आहे. माहीत होतं, आई, आणि तरी मला वाटलं, आपल्या पोरीसाठी तरी...

धुरपदाबाई : तू काय उभी ऱ्हायनी मग? जाय!

अमृता : तुमच्या पोटात दुखतंय का? मळमळ?

धुरपदाबाई : माले काही नही व्हस. म्हातारं हाड मनं. मी ओवीजवळ बसस. तू जाय. पहिले ती तोटी बंद कर. पाचच्या पुढे मिलवाल्यांची पाळी सुटस, समदी मंडळी तठेच थांबस पानी प्याले.

अमृता : ओवी उठली तर...

धुरपदाबाई : उठनी तं मी शे. ती बोट दाखाडस, माले कळस. जाय, अमृता. आनि त्या पोरीवर राग काढू नको. काल मना पाया पडनी तवा म्हने, आजी, ओवीले सांगा, मावशीने तिनाकरता खेळनं आनेल शे.

अमृता : हे आधी का नाही सांगितलंत?

धुरपदाबाई : आधी तू कोठे ऐकत व्हती?

अमृता (पानपोईपाशी उभी राहून, गल्लीच्या ग्रुपवर पाठवलेला आवाजी निरोप) : मी अमृता बोलतेय. प्रशांतची बायको. शेवटपर्यंत ऐका, मध्येच बंद करू नका. कोपऱ्यावरच्या पानपोईचं पाणी कोणी पिऊ नका. काल किंवा आज ज्यांनी प्यायलंय, विशेषतः लहान मुलं, त्यांना दवाखान्यात न्या आणि रक्तातलं शिसं तपासा असं सांगा. नुसतं रक्त तपासा म्हणू नका, शिसं म्हणा. लिहून न्या हवं तर. तुमच्या घरच्या ड्रमना काही झालेलं नाही, त्यांतली साल ताजी आहे, ते वापरा. हा एकच ड्रम वाईट आहे आणि तो मी भरलाय. चुकून नाही. तो काशिनाथसाठी होता, तुमच्यासाठी नव्हता. का भरला ते मला विचारा, मी सगळ्यांसमोर सांगेन, आणि सांगितल्यावर जे करायचं ते करा माझं. पण त्याच वेळी त्याच्या गोदामामागचं वृंदावनही हलवा. त्याला मी सोडलेलं नाही. हे त्यालाही ऐकू जाऊ दे.

थांब रे! ग्लास खाली ठेव. ठेव म्हणते ना! ... ऐका, मला इथून हलता येत नाहीये. तोटी नीट बंद होत नाही, थेंब गळतोय, आणि माझी पाठ फिरली की कोणीतरी ओंजळ धरणार. ड्रम मला एकटीला आडवा होत नाही. झालाच तर हे पाणी अंगणवाडीच्या मातीत जाईल, ते नकोय. दोघं जण या, आणि रिकामे कॅन घेऊन या.

आणि शीतल. काशिनाथची शीतल. मी वीस वेळा लावला, फोन उचलत नाहीये ती. तिचा बाप तिकडे गेलेला नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. हे पहिलं जो कोणी ऐकेल त्याने नुसता अंगठा पाठवू नका. उठा, आणि तिच्याकडे जा. दार आतून लावलंय, मागच्या बाजूला मोरीची खिडकी आहे. जोरात वाजवू नका, दचकेल ती. हाक मारा. माझं नाव सांगू नका. उशाशी तांब्या असेल. तो आधी उचला, मग तिला उठवा. आणि तांब्या भरलेला होता की रिकामा, तेवढं मला सांगा.